ऑपरेशन साडेचार

५ जानेवारी, रात्री ९
शाळेतून बोलावणं आलं होतं. आमची शिवांजली तासाला झोपते. नववीतली पोरगी, फौजी घरातली. मॅडम म्हणाल्या, अशीच पेंगत राहिली तर सव्वीस जानेवारीच्या परेडची कमांड दुसऱ्या मुलीला देऊ. असं होऊ देणार नाही. अठरा वर्षं फौजेत काढलीत. उद्यापासून तिला पहाटे साडेचारला उठवणे. कमी झोपलं की झोपेची सवय आपोआप मोडते.

६ जानेवारी, पहाटे ४:५०
उठवली. एक शिट्टी, दहा हाका, अर्धा तांब्या पाणी. बाकी सगळं शांततेत.

९ जानेवारी
मॅडमचा फोन. आज प्रार्थनेला उभ्या उभ्या झोपली. म्हणजे फरक पडतोय. आधी बसून झोपायची.

१० जानेवारी
हिच्या आईने हट्टच धरला म्हणून कराडला डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, या वयात झोप उशिरा येते, आठ-नऊ तास लागतातच, पहाटे उठवू नका. डॉक्टर सिव्हिलियन आहेत.

१३ जानेवारी
उठवल्यावर ती आता मागच्या खोलीत दार लावून अभ्यास करते. कल्पना तिच्या आईची. मी बाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला. सात वाजेपर्यंत आतून चकार शब्द नाही. केवढी एकाग्रता. आत गादी कशाला, असं विचारलं. आई म्हणाली, आवं, थंडीचं पाय गार पडत्यात तिचं. पटलं.

१७ जानेवारी
मॅडम खूश. शिवांजली वर्गात टवटवीत असते, कमांड तिलाच. माझी पद्धत लागू पडली. डॉक्टरांना कळवावं का?
संध्याकाळी डेअरीत कामावर दुधाचं फॅट तपासताना चेअरमन म्हणाले, नाथाजी, घरी जाऊन झोप रं. मी डोळे मिटून विचार करत होतो.

२६ जानेवारी, दुपारी
खबरदारी म्हणून तीनलाच उठलो. मैदानावर माजी सैनिकांची पहिली रांग. छातीवर मेडल. शिवांजली प्लाटूनपुढे आली. ‘सावधान’ एवढं ऐकलं.
जाग आली तेव्हा मंडपवाला खुर्च्या गोळा करत होता. माझीच राहिली होती. शेजारी शिवांजली उभी. म्हणाली, पप्पा, चला आता घरी. रागावली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. इतकी लाज अख्ख्या नोकरीत कधी वाटली नव्हती.
माझ्या मागच्या खुर्चीवरून तिच्या आईने मोबाईलवर परेड घेतली होती. ती तरी बघू म्हटलं. तीनदा लावली. पोरगी तोंड उघडते, प्लाटून वळते. आवाज मात्र माझ्या घोरण्याचा येतो.