पलीकडच्या खोलीचा शेरा

दिनांक १२ ऑक्टोबर २०२५, रविवार. सकाळी ढगाळ होते, दुपारी ऊन पडले. दोन्ही खोल्या झाडून काढल्या. टेबल खिडकीपाशी ओढून लिहायला बसलो. साक्षीदार चहाच्या वेळेला येतील, त्याआधी हे पुरे करायचे आहे.

मी, खाली सही करणारा, दातांच्या कवळ्या बनवण्यात आयुष्य काढलेला, वय वर्षे अडुसष्ट. डोके ठिकाणावर आहे. अक्षर जरा वाकडे आहे, पण ते वयाने, कोणाच्या धाकाने नव्हे. माझ्यामागे जे राहील त्याची वाटणी मी माझ्या मर्जीने पुढे लिहिल्याप्रमाणे करत आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी मला नमुना दिला आणि बजावले, "भावना घालू नका, मालमत्ता घाला." काही कलमांत दोन्ही वेगळे करणे मला जमले नाही.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या एकुलत्या एका मुलीला. ती दुसऱ्या शहरात राहते आणि एका बँडमध्ये गाते. कोणतीही अट नाही. विकले तरी मी येऊन भिंतीतून बघणार नाही. माझ्या मेव्हण्यांनी तिला एकदा भर जेवणात "आधी पायावर उभी राहा, मग घराच्या गोष्टी कर" असे ऐकवले होते. त्याला माझे उत्तर हे कलम समजावे.

कलम २. बँकेतली शिल्लकही तिलाच. कलम पाचचा खर्च त्यातून करावा.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, पॉलिशची मोटर, आणि ज्यावर कवळी बसवून जबड्याची उघडमीट तपासतात तो सांगाडा, हे सर्व माझ्या शेजारच्या टेबलावर इतकी वर्षे बसलेल्या सहकारी बाईंना. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण आपलं दोघांचं भरलं की हो, असे त्या दर पगाराला म्हणायच्या. मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. त्या फटकळ आहेत, पण सांगितलेले काम विसरत नाहीत.

कलम ४. घरातल्या सगळ्या तबकड्या, कॅसेट आणि सीडी. या मुळात माझ्या पत्नीच्या. ती गेल्या हिवाळ्यात गेली. ज्यांच्या मागे कोणती कंपनी नाही, जे स्वतःच ध्वनिमुद्रण करतात आणि कार्यक्रम संपल्यावर दाराशी टेबल मांडून स्वतःच अल्बम विकतात, अशा बँडवर ती लिहायची. आधी एका छोट्या मासिकात, ते बंद पडल्यावर स्वतःच्या संकेतस्थळावर.

मला संगीतातले कळत नाही. गाढवाला गुळाची चव काय, हे कोणी म्हणण्याआधी मीच म्हणून टाकतो. पण तिची एक पद्धत होती. नवा अल्बम आला की ती तो पुढच्या खोलीत लावायची, मला मागच्या खोलीत बसवायची आणि मधले दार लावून घ्यायची. संपला की दार उघडून विचारायची, "काय ऐकू आलं रे?" मी जे सांगेन ते परीक्षणाच्या शेवटी वेगळ्या ओळीत यायचे: 'पलीकडच्या खोलीतून'. वाचकांना वाटे ही तिची लिहिण्याची लकब आहे. तो मी होतो. कुठेतरी नोंद असावी म्हणून इथे लिहिले.

"माझं विचारून काय उपयोग?" मी एकदा म्हणालो.

"मला त्यातलं इतकं कळायला लागलंय की कधी कधी गाणंच ऐकू येत नाही. तुला काही कळत नाही ना? मग बस गप."

एकदा मी सांगितले की शेवटच्या गाण्यामागे एक घुमारा आहे, तो फार छान आहे. तो आमचा फ्रीज होता. तिच्या लक्षात येईपर्यंत परीक्षण छापून गेले होते. पुढच्या वेळी तिने खुलासा केला: 'घुमारा फ्रीजचा असल्याचे आढळले. मत कायम आहे.' त्या बँडचा ड्रमर भांडायला घरी आला, चहा पिऊन गेला, आणि जाताना फ्रीजला कान लावून बराच वेळ उभा राहिला. पुढच्या अल्बमात त्यांनी खरोखर फ्रीज घातला. तो वाईट होता. तेही तिने लिहिले.

कार्यक्रमाला गेली की ती मंचाकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघे. लोक कोणत्या गाण्याला पाण्यासाठी उठतात, हे तिचे माप. अल्बम म्हणजे दाखवायचे दात आणि कार्यक्रम म्हणजे खायचे, असे ती म्हणायची, आणि वर मला चिडवायची, "तुझ्या दुकानात दोन्ही एकच."

तर हा सगळा संग्रह ज्या वाचनालयाच्या तळघरात नवे बँड वाजवतात त्या वाचनालयाला द्यावा. काचेच्या कपाटात ठेवू नये. लोकांना घरी न्यायला द्यावा. ओरखडे पडले तर पडू देत.

कलम ५. मेव्हण्यांस, म्हणजे पत्नीच्या मोठ्या भावास. तिच्या अंत्यविधीहून परतताना गाडीत त्यांनी मला विचारले, "एवढं आयुष्यभर लिहिलं हिनं, त्या पोरांच्या ठणठणाटावर. काय निघालं हो त्यातून?" ते मला शब्दांत सांगता येत नाही. म्हणून त्यांना कोणत्याही नव्या बँडच्या कार्यक्रमाचे एक तिकीट काढून द्यावे. मागे उभे राहिले तरी चालेल. मध्येच पाण्याला उठले तरी चालेल. पण कोणत्या गाण्याला उठले ते माझ्या सहकारी बाईंनी त्यांना जरूर विचारावे. मला ते कळणार नाही याचे वाईट वाटते.

कलम ६. पुढच्या खोलीतला जाड गालिचा खालच्या वकिलांना. छताला काठी ठोकून त्यांनी तो कितीदा सुचवला, म्हणून आम्ही घेतला, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये हे त्यांनीच मला सांगितले. मी म्हणालो, मग तुम्ही नको. त्यावरून त्यांना कळले की काहीतरी मिळणार आहे. तेव्हापासून जिन्यात फार गोड बोलतात.

कलम ७. माझ्या मुलीच्या बँडचा नवा अल्बम, पाकिटासह. हा तिचाच असल्याने तिला देण्यात अर्थ नाही. पण त्यावरचा माझा शेरा तिच्या हक्काचा आहे, तो तिला द्यायचा आहे.

तिच्या आईचा नियम होता, घरच्यांवर लिहायचे नाही. पहिला अल्बम आला तेव्हा याच टेबलाशी दोघींचे भांडण झाले.

"लोक म्हणतील, आपला तो बाब्या," आई म्हणाली.

"मग कार्टं म्हण! वाईट लिही आई, पण लिही काहीतरी. रस्त्यावरच्या कुणाहीवर लिहितेस."

"त्या कुणाहीला मी भात भरवलेला नाही."

दुसऱ्या अल्बमच्या वेळी मुलीने विचारलेच नाही. येणे कमी झाले. फोन येई, त्यात हवापाणी आणि माझा रक्तदाब. हा तिसरा अल्बम आई गेल्यानंतर टपालाने आला. आई अचानक गेली, त्याच्या आधीच तो टपालात पडला असणार. पाकिटावर 'आई' नाही. आईचे पूर्ण नाव आणि खाली एक शब्द, 'परीक्षणासाठी'. आत बँडची माहिती देणारा छापील कागद, सगळ्यांना धाडतात तसा. तो पोचला का, हे मुलीने अजून विचारलेले नाही. मीही तो विषय काढलेला नाही.

नियम परीक्षण लिहिणारीला होता. पलीकडच्या खोलीला नव्हता. बरेच दिवस विचार करून मी असे ठरवले, आणि गेल्या आठवड्यात अल्बम पुढच्या खोलीत लावून, मागे जाऊन, दार ओढून बसलो. ऐकू आले ते असे.

पहिल्या गाण्यातले शब्द दाराआडून कळत नाहीत, पण तू श्वास कुठे घेतेस ते कळते. आधी तू ओळ तोडून घ्यायचीस, आता ओळ संपवून घेतेस. हे मला बरे वाटले. दुसऱ्याने कपाटाच्या काचा वाजल्या आणि खालून काठी आली. तिसरे आवडले, का ते सांगता येत नाही. चौथ्याला मी पाण्याला उठलो. परत आलो तरी ते चालूच होते. ते लांबले आहे. पाचव्यात ड्रम वाजवणाऱ्याला कुठेतरी जायची घाई आहे.

सहाव्यात फक्त तू आणि एक गिटार. मध्येच कोणीतरी दार लावल्याचा आवाज आला. मला वाटले पुढच्या खोलीत कोणी आले. मी उठून गेलो. कोणी नव्हते. गाणे पुन्हा लावून पाहिले, तो आवाज अल्बमातच आहे. फ्रीजच्या वेळी घरातला आवाज मला गाण्यातला वाटला होता, या वेळी गाण्यातला घरातला वाटला. पण तो आवाज साधा नाही. दार आधी फरशीला घासते, मग कडी एकदा लागत नाही, दुसऱ्यांदा लागते. आपले मधले दार असेच लागते. मी ते उघडून, लावून, अल्बम ऐकून, पुन्हा लावून पाहिले. अजून खात्री होत नाही. ते आपलेच दार आहे का? असेल तर ते तू कधी टिपलेस, आणि लावणारे कोण होते, मी की आई?

एकंदर मत: पुन्हा ऐकावा असा आहे. मी ऐकतो.

इथवर लिहून झाले तेव्हा साक्षीदार आले. कोपऱ्यावरचे औषधवाले आणि वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई. साक्षीदारांनी सगळे वाचायची गरज नसते, पण औषधवाल्यांना कागद न वाचता सही करायची सवय नाही. कलम सातपाशी ते थांबले.

"हा प्रश्न कुणाला विचारलाय तुम्ही?"

"मुलीला."

"आणि ती उत्तर कुणाला देणार? हे उघडतील तेव्हा तुम्ही फोटोत असाल."

"काहीतरीच काय बोलता हो!" बाई म्हणाल्या.

"बाई, बाटलीवर मुदत छापतात ती उगाच नाही. मुदत संपल्यावर औषध देऊन काय करायचंय?"

मी म्हणालो की फोनवर मला हे बोलता येणार नाही. आमचे फोन तसे नसतात.

"मग बोलू नका," बाई म्हणाल्या. "लिहिलंयत ना? जे लिहिलंय तेच पाठवा. शुद्धलेखनही बरंय."

त्यामुळे आणखी एक कलम घालत आहे.

कलम ८. कलम सातमधील शेरा मी हयातीतच मुलीला देत आहे. त्यासाठी कोणी माझ्या मरणाची वाट पाहू नये. तिचे उत्तर आले तर ते माझे खासगी समजावे, वाटणीत धरू नये.

वरील सर्व मी स्वतः लिहिले आणि पुन्हा वाचले. दोघा साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

सही: मृत्युपत्र करणारा
सही: साक्षीदार, औषधाच्या दुकानाचे मालक
सही: साक्षीदार, निवृत्त शिक्षिका, वरचा मजला
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५

टीप, मृत्युपत्राचा भाग नाही. साक्षीदार गेल्यावर कपबशा धुतल्या. नवा कागद घेऊन कलम सात उतरवून काढले. चौथ्या गाण्याबद्दलचे वाक्य गाळावेसे वाटले, गाळले नाही. पाकिटावर तिचा पत्ता घातला, तिकीट लावले. टपालपेटी उद्याच उघडतील, पण चपला घातल्या आणि टाकून आलो.