सुईत दोरा ओवला की डोळे चांगले

आबा,

तुम्हाला अक्षरओळख नव्हती, त्यामुळं तुम्ही असताना तुम्हाला पत्र लिहायचा प्रश्नच आला नाही. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर लिहायला बसलेय, तर म्हणाल, मास्तरीण झाली तरी अक्कल उलटीच. असू दे. तुमच्या डोळ्यांबद्दल लिहायचं आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

नव्वद सालानंतरचे दिवस. मी बावड्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, तुम्ही आणि आई पिंपळीत. मोठा कळप कधीच विकला होता, रानात ऊस उभा होता, तरी बारा मेंढरं तुम्ही ठेवलीच होतीत. "मेंढरांबिगर दार मुकं वाटतंय," म्हणायचात. चष्म्याचा नंबर काढायला म्हणून मी तुम्हाला बारामतीला नेलं आणि डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजून काचबिंदू सांगितला. तुम्ही लगेच विचारलंत, "पिकला की काढणार न्हवं?" डॉक्टर म्हणाले, "बाबा, पिकतो तो मोतीबिंदू. हा पिकत नाही, हा आतली नस वाळवतो. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली राखायची. रोज दोन वेळा थेंब घालायचे, जन्मभर." आहाराचं काय, असं मी विचारलं. विज्ञानाची शिक्षिका ना मी! ते म्हणाले, "पालेभाज्या, फळं खाऊ द्या, अंगाला चांगलंच आहे. पण थेंबांच्या जागी नाही." यातलं पहिलं वाक्य मी नीट ऐकलं.

वर्गात मी मुलांना शिकवत होते, डोळ्यांसाठी गाजर, डोळ्यांसाठी पालेभाजी. रातांधळेपणाचा धडा मला तोंडपाठ होता, आणि डोळा म्हटला की सगळे आजार एकच, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात कुठल्याशा पुरवणीत निसर्गोपचाराचा लेख वाचला. मग काय विचारता! तुम्हाला वाचता येत नाही म्हणून मी कागदावर रंगीत चित्रं काढली: गाजर, लाल भोपळा, शेवग्याची डहाळी, आवळा, आणि सगळ्यांत वर पाण्याचे दोन तांबे. कागद चुलीमागच्या भिंतीला चिकटवला. सकाळी उठल्या उठल्या दोन तांबे पाणी एका दमात, मग आवळ्याचा रस, दुपारी शेवग्याच्या पाल्याची भाजी. आई पाला निवडता निवडता म्हणाली, "मेंढराला घालायचा पाला माणसाला घालती व्हय गं? हितनं म्होरं दोघांना एकच गव्हाण करू." तुम्ही हसलात, आणि ताट पुसून खाल्लंत. चित्रातलं एकही तुम्ही कधी चुकवलं नाहीत.

आणि आपल्याकडची परीक्षा ठरलेली. ज्याला सुईत दोरा ओवता येतो, त्याचे डोळे चांगले. दर रविवारी मी बावड्याहून इंदापूरमार्गे एसटीनं यायचे. तुम्ही ओट्यावर बसता, दोरा जिभेवर ओला करता, एक डोळा बारीक करता, आणि पहिल्या फटक्यात दोरा पार. "हाय का!" म्हणून सुई माझ्यापुढं धरता. शेजारची म्हातारी माणसं बघायला येतात आणि मला विचारतात, आमालाबी दे की तसला कागद. मी दिले. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा फार भारी वाटत होतं.

अशाच एका रविवारी तुम्ही विचारलंत, "पोरी, आता सुईत दोरा जातुया. ह्ये थेंब ठिवू का बंद? लय चुरचुरतंय." मी गाजर किसत होते. मान वर न करता म्हणाले, "ठेवा की." एवढंच. तुम्ही दुसऱ्या कुणाला विचारलं नाहीत, कारण लेक शिकलेली होती.

वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एकदा दिवस मावळताना तुम्ही मेंढरं जाळीच्या कुंपणात घेत होतात. तुम्ही कधी मोजत नव्हता, नुसती तोंडं बघून सांगायचात कोण आलं, कोण राहिलं. त्या दिवशी म्हणालात, "दोन कमी हायती. बघ गं, कुठं ऱ्हायली." मला वाटलं, चेष्टा करताय. दोन्ही मेंढरं तुमच्या डाव्या पायाशी उभी होती, एक तर धोतराचा सोगा चघळत होतं. मी हसले. तुम्ही शोधायला वळलात आणि त्यांच्यावरच अडखळून पडलात. उठवायला गेले तर तुम्ही माझा हात शोधत होता, आणि मी डावीकडंच उभी होते.

तुम्हाला पुन्हा बारामतीला नेलं, सुईचं सांगितलं, आणि डॉक्टरांनी डोळे तपासले. मग म्हणाले, "सुई माणूस समोर धरतो. काचबिंदू कडेकडेनं खात येतो, समोरचं शेवटी नेतो." पाण्याचं सांगितल्यावर तर त्यांनी कपाळावर हात मारला; एका दमात एवढं पाणी प्यायलं की डोळ्यांतला दाब उलट चढतो, थोडं थोडं प्यायचं. मग त्यांनी विचारलं, "थेंब कुणी बंद करायला सांगितले?" तुम्ही म्हणालात, "म्याच केलं, सायब. कटाळा आला." त्यांनी तुम्हाला सगळ्या पेशंटांसमोर झापलं, एवढा म्हातारा माणूस तुम्ही, खाली मान घालून ऐकत राहिलात. आणि मी शेजारी उभी राहून चपलेचा अंगठा बघत होते. मला लाज वाटली, आणि खरं सांगते, तुमचा रागही आला. कशाला पांघरूण घातलंत? मी बोलले असते. कदाचित नसते बोलले.

थेंब पुन्हा सुरू झाले, पण उशीर झाला होता, नजर गेलीच. उरलेली वर्षं तुम्ही ओट्यावर बसून काढलीत. मेंढरं विकली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, "लेकीनं लय केलं माज्या डोळ्यांसाठी." मी आत असले तर भांड्यांचा आवाज मोठा करायचे. तुम्ही गेलात तेव्हा लोक मला म्हणाले, बापाची सेवा करावी तर अशी.

परवा माझेही डोळे तपासले. दाब वाढलाय. थेंब दिलेत, ते घालते. शेवग्याची भाजीही खाते, चवीला चांगली लागते म्हणून. डॉक्टर तरुण आहे, फॉर्म भरता भरता त्यानं विचारलं, "घरात आधी कुणाला काचबिंदू होता का? हा रक्तात उतरतो, मुलांचे डोळेही तपासून घ्यावे लागतात." माझी लेक शेजारी बसली होती. तिला आजोबा आठवतात ते आंधळेच, तिला वाटतं म्हातारपणानं तसे झाले. होता म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, काय उपचार केले होते.

आबा, मी म्हणाले, कुणालाच नव्हता. तिला अजून खरं सांगितलेलं नाही.