बायकोसाठी धरलेली जागा

६ मार्च, गुरुवार

खिडकीची सीट मिळाली. तिची खरी किंमत अशी – सगळ्यांच्या आधी आत सोडायचे विमान कंपनीने उकळलेले जादा पैसे, त्यात दोन माणसं पोटभर जेवली असती, पहाटेची झोप, घाईत दाढी करताना हनुवटीला पडलेली चीर, आणि एका बाईशी वाकडेपणा. एवढं देऊन सीट किती रुंद? सतरा इंच! टेप खिशात असतेच, मोजली. मी बसच्या सीटासुद्धा अठराच्या खाली करत नाही.

या कंपनीच्या विमानात सीटला नंबर नसतो. हातात एक आकडा देतात, आकड्याच्या क्रमाने आत सोडतात, पुढे ज्याला जी सापडेल ती त्याची. लोक वैतागतात. मला बरं वाटतं. फुटपाथवर बसून सायकलच्या सीटांची कव्हरं शिवायचो, तेव्हापासून जागा धरण्यावरच तर उभा राहिलो. आज चाळीस कारागीर आहेत, नाटकगृहांच्या आणि बसच्या सीटा जातात माझ्या. पण जागा धरायचा हात अजून तोच आहे!

मधली सीट मोकळी ठेवायची रीत माझी स्वतःची. खिडकीशी बसायचं, मधल्या सीटवर बॅग, तोंडाशी रुमाल. कुणी येताना दिसलं की एकदाच खोकायचं. खोकला बारीक हवा. मोठा खोकला आला की लोकांना दया येते आणि ते पाणी घेऊन शेजारी बसतात. आज तरी एक बाई थांबल्याच. ‘इथे कुणी आहे?’ म्हटलं, ‘आहे. यायचंय.’ कोण यायचं होतं! बाई पलीकडच्या रांगेत बसल्या आणि दार बंद होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या. मग गोड आवाजात – ‘तुमचं माणूस राहिलं वाटतं खाली.’

उतरेपर्यंत तेच डोक्यात. राहिलंच आहे खरं. तेच आणायला निघालोय.

७ मार्च, शुक्रवार

लेकीच्या घरी. बायको इथे येऊन चार महिने झाले. बाळंतपणाचे दोन ठरले होते. नातू आता पालथा पडतो, हसतो, माझा चष्मा ओढतो. म्हणजे काम झालं! म्हटलं, ‘रविवारी माझ्याबरोबर चल.’

‘पुढच्या वेळी. त्याचं वजन जरा भरू दे.’

नातवाला उचलून पाहिलं. फोमच्या गठ्ठ्याएवढा जड आहे. तसं सांगितलं, तर लेक हसली. ही हसली नाही. दुपट्याच्या घड्या करत राहिली.

मागच्या खेपेला ‘थंडी कमी होऊ दे’. त्याच्या आधी ‘जावईबापूंची बदली व्हायची आहे’. गिऱ्हाईक ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणालं की मला लगेच कळतं त्याने दुसरीकडे माप दिलंय. पण घरच्या माणसाच्या बाबतीत असं काही मनात आणू नये.

९ मार्च, रविवार

एकटाच परत. मधली सीट मोकळी. खोकायचीही गरज पडली नाही.

१२ मार्च, बुधवार

घरात नऊ खुर्च्या आहेत. संध्याकाळी सगळ्यांवर बसून पाहिलं. एकीवरही पंधरा मिनिटं टिकलो नाही. सगळ्या माझ्याच कारखान्याच्या!

सकाळी फोन केला होता. लेक म्हणाली, ‘आई बाहेर गेलीय.’ कुठे? ‘बाहेर, बाबा. दोन दिवसांत येईल.’ मागे नातू रडायला लागला, फोन ठेवला. दोन दिवस बाहेर? असेल काही, लेकीच्या सासरचं. विचारायचं राहिलं.

१५ मार्च, शनिवार

ही फोनवर सापडली! पंधरा-वीस मिनिटं बोललो. नवीन नाटकगृहाच्या सीटांचं सगळं सांगितलं – पाठीला किती बाक, हात टेकायच्या दांड्या एकेरी की दुहेरी. म्हटलं, माझं मत, मधल्या माणसाला दोन्ही दांड्या मिळायला हव्यात. खिडकीवाल्याला भिंत असते, कडेच्याला वाट असते, मधल्याला काय असतं? ही म्हणाली, ‘हो का.’ फोन ठेवता ठेवता म्हणाली, ‘येते मी तेवीसला. या न्यायला.’

येतेय! कारखान्यात सगळ्यांना पेढ्यासारखी बातमी वाटली.

२० मार्च, गुरुवार

परतीची तिकिटं काढली. पुढे चढायचे जादा पैसे माझ्या एकट्याचेच भरले. दोघांचे भरतो तो वेडा! एकाने पुढे जायचं, दोन जागा धरायच्या, दुसऱ्याने मागून आरामात यायचं. माझा आकडा बारा, हिचा एकशे एकतीस. कापणीवाल्या उस्तादाला सांगितलं तर तो कात्री थांबवून म्हणाला, ‘साहेब, आणि मधे कुणी बसलं तर?’ म्हटलं, ‘माझ्या शेजारून जागा उचलणारा माणूस अजून जन्मायचाय.’

२३ मार्च, रविवार

बॅगा दाराशी टाकून आधी हे लिहितोय.

विमान गच्च भरलेलं. सातव्या रांगेत खिडकी धरली, मधे बॅग. पहिला आला, हटवला. दुसरा आला, हटवला. मग एक माणूस आला, उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये. ‘इथे बसू का?’ मागे रांग तुंबली. हवाईसुंदरी आली – ‘काका, जागा धरता येत नाही. नियम आहे.’

आता कमी आवाजात बोलून भागणार नव्हतं. म्हटलं, ‘अहो, माझी बायको येतेय मागून! तिला विमानातलं काही कळत नाही हो. एकटी बसली की घाबरते. कमरेचा पट्टासुद्धा मीच लावून देतो!’ आजूबाजूचे हसले. म्हणजे काम होत आलं. लोकांना हसवलं की लोक जागा सोडतात, हे मी चाळीस वर्षं बघतोय. प्लास्टरवालासुद्धा हसला, एक पाऊल मागे सरला.

आणि त्याच्या मागे ही उभी. दोन माणसं सोडून. खांद्याला बॅग.

मी हात वर केला – ‘ही बघा, आलीच!’

हिने माझ्याकडे पाहिलं. मग सीटकडे. मग प्लास्टरवाल्याला म्हणाली, ‘तुम्ही बसा ना. ही जागा रिकामी आहे.’ आणि पुढे निघून गेली. पुढे म्हणजे मागे, अगदी शेवटाकडे.

तो बसला. प्लास्टर माझ्या दांडीवर. पूर्ण प्रवासभर कोपर मांडीवर धरून बसलो. दोनदा उठून मागे पाहिलं. सव्विसाव्या रांगेत, दोन आडदांड माणसांच्या मधे, डोळे मिटून. पट्टा लावलेला. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या दोन्ही कोपरांखाली दांड्या होत्या. त्या दोघांनी हात आवरून घेतले होते!

सामान घेताना एवढंच बोलली – ‘ती निळी माझी.’

२४ मार्च, सोमवार

घरात माणूस आलंय आणि घर जास्तच गप्प झालंय.

२६ मार्च, बुधवार

कारखान्यात लक्ष नाही. नमुन्याची सीट उसवायला लावली, पुन्हा शिवली, पुन्हा उसवली. उस्ताद म्हणाला, ‘साहेब, सीटमध्ये खोट नाही. बसणाऱ्यात असेल तर माहीत नाही.’ दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ऐकून घेतलं नसतं.

घरी आलो. ही बाल्कनीत फोनवर बोलत होती, थोरल्या बहिणीशी. ‘वाकव हळूहळू. रोज दहा वेळा. मी आल्यावर बघते.’ मी दार ढकललं तसा आवाज खाली गेला. मी आल्यावर?

जेवताना विचारायचं ठरवलं होतं. डाळीत मीठ कमी आहे एवढंच म्हणालो. मीठ बरोबर होतं.

२८ मार्च, शुक्रवार

आज बोलली. मीच विषय काढला – ‘त्या दिवशी एवढ्या लोकांत माझी शोभा केलीस.’

हातातली वाटी खाली ठेवली तिने. ‘शोभा? दोन माणसं मागे उभी होते मी. सगळं विमान हसत होतं. कुणावर?’

म्हटलं, ‘अगं, ते जागेसाठी! बोलायची एक रीत असते.’

‘पट्टा तुम्ही लावून देता?’

‘लावला होता ना.’

‘एकदा. नऊ वर्षांपूर्वी. तेव्हाही सांगितलं होतं, येतो मला. तुम्ही लोकांकडे बघून हसत होतात.’

वाटायचं, माझ्या कानांतून काही सुटत नाही. तीन रांगांपलीकडचे दोन व्यापारी भाव ठरवत असले तरी मला ऐकू येतं. हिचं नऊ वर्षांपूर्वीचं वाक्य ऐकल्याचं आठवत नाही.

मग तिने सांगितलं – बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डिसेंबरात. अजून नीट वाकत नाही. घरात करणारं दुसरं कुणी नाही. मंगळवारी तिकडे जाणार.

‘डिसेंबरात? मला कसं कळलं नाही?’

‘दोनदा सांगितलं फोनवर. तुम्ही दांड्यांचं सांगत होतात.’

म्हटलं, ‘मी येतो सोडायला तिथपर्यंत. तुला एकटीला –’ आणि जीभ चावली.

‘विमानतळापर्यंत या. बॅग जड आहे.’

‘परत कधी?’

‘ती चालायला लागली की.’

‘इथे?’

तिने वाट्या उचलल्या. ‘बघू. कुठे बसावंसं वाटतं ते.’

३१ मार्च, सोमवार

हिची बॅग भरून दाराशी आहे. येता-जाता पाय अडखळतो. कुठेही ठेवली तरी वाटेतच येईल, त्यामुळे सरकवली नाही.

१ एप्रिल, मंगळवार

हिला सोडून आलो. विमानतळावर तिकिटाचे पैसे द्यायला पाकीट काढलं. म्हणाली, ‘राहू द्या, फुकट आहे.’ या कंपनीत दहा प्रवास झाले की पुढचा एक फुकट मिळतो. लेकीकडून बहिणीकडे पाच वेळा जाऊन-येऊन केलं तिने. एकटीने.

माझे आठ झालेत.