सहा पांढरे डबे

३ मार्च, मंगळवार

चादर पडली. थेट चहाच्या पातेल्यात!

आमच्या लेकाने सकाळच्या घाईत खिडकीच्या गजापासून दाराच्या बिजागरीपर्यंत सुतळी ताणली, तिच्यावर जुनी चादर टाकली, चार पावलं मागे सरला आणि म्हणाला, "बघ आई, आता दिसतंय काही?" मी म्हटलं, "फळ्या दिसत नाहीत. पण चादरीला सातवा महिना लागलेला दिसतोय!" मधोमध अशी पोटुशी झाली होती ती. तो हसला नाही. हल्ली हसत नाहीच. तो जिना उतरला आणि इकडे सुतळी सुटली. चहा गेला. चादरही गेली.

ही झाकाझाकी कशासाठी, ते एकदा सांगून टाकते. पुढच्या शनिवारी कोर्टाची बाई घर बघायला येणार आहे. चिमणी — माझी नात, सात वर्षांची — बापाकडे राहील की आईकडे, ते कोर्ट ठरवणार. आणि कोर्टाला ही बाई सांगणार. वकील लेकाला म्हणाला, "घर नीटनेटकं दिसू द्या. स्वयंपाकघर आधी बघतात." आमच्या स्वयंपाकघरात कपाट नाही. भिंतीवर चार उघड्या फळ्या आणि त्यांवर आमचं सगळं ब्रह्मांड. घरमालकाने बजावलंय, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. सुतार परवडत नाही. खिळा नाही, पैसा नाही, आणि अब्रू मात्र झाकायची!

हे सगळं फोनमध्ये बोलतेय. चिमणीने शिकवलं — इथे दाबायचं, बोलायचं, अक्षरं आपोआप उमटतात. तारीखही तोच टाकतो. मला त्यातलं एक अक्षर ओळखता येत नाही. मुंग्यांची रांग नुसती. पण मुंग्या चहाड्या करत नाहीत, ते एक बरं.

५ मार्च, गुरुवार

आज खोकी. वाण्याकडून साबणाची रिकामी खोकी आणली, फुकट. चिमणी शाळेतून आल्यावर दोघींनी पिठाची खळ शिजवली आणि खोक्यांना खाकी कागद चिकटवला. खळ खोक्यांना कमी, चिमणीच्या केसांना जास्त. पण दिसायला लागली बाई खोकी देखणी! सगळा पसारा आत कोंबला. फळीवर कशी ओळीने बसली — पाहुणे आल्यावर गप्प बसवलेल्या पोरांसारखी.

मग मी भात टाकला. वाफ वर गेली. कागदाला फोड आले.

"आजी, खोक्यांना कांजिण्या आल्या!" चिमणी.

रात्री जेवताना लेक म्हणाला, "भात धुऊन वाळत घातला होता का?" तांदळाला साबणाचा वास लागलाय. बरेच दिवसांनी काहीतरी विनोदी बोलला. नंतर अर्धा भात तसाच टाकून उठला.

६ मार्च, शुक्रवार

दुकानातून पडद्याची दांडी आणली. खिळा लागत नाही, दोन भिंतींमध्ये दाबून बसते म्हणे. बसली. मग पडली. लेकाच्या डोक्यावर.

८ मार्च, रविवार

शेजारची शिवणवाली आली. उरलेल्या अस्तराच्या कापडाचा पडदा शिवून आणला होता तिने. निळा. वर कड्या लावल्यात आणि भिंतीला चिकटणारे हूक. "काढताना भिंतीचा रंग निघत नाही," म्हणाली. लावला. राहिला! दुपारपर्यंत मी त्याच्याखालून वाकूनच चालत होते, न जाणो.

पडदा लावायच्या आधी ती फळ्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आजी, हे काय हो! भंगारवाल्याला स्वप्न पडलं तर असं पडेल."

मी म्हटलं, "त्याला म्हणावं, स्वप्नातच ये. जागेपणी आलास तर लाटणं आहे."

तिला काय सांगू? मला तो पसारा दिसतच नाही. लाल झाकण म्हणजे साखर. पोचा आलेला डबा म्हणजे तांदूळ. दांडा जळालेल्या तव्याच्या मागे चहा. आणि चिमणीचं औषध — तिला दम्याचा त्रास आहे — त्याच्या दोन बाटल्या. रोजची बाटली कान तुटलेल्या कपात. धाप लागली तर द्यायची ती मिठाच्या बरणीशेजारी. दोन्ही बाटल्या काळपट, दोन्हींवर मुंग्या. पण कपातली ती कपातली. दोन वर्षं देतेय, एकदा चूक नाही. लोक वाचतात, मी जागा ओळखते.

लेक दिवसभर बाहेर. लिफ्ट दुरुस्त करतो. लोकांना वर-खाली न्यायची सोय करतो आणि स्वतः मधल्या मजल्यावर अडकून बसलाय. बायको गेल्यापासून तसाच. ती वाईट नाही हो. भांडखोर होती, पण खोटी नव्हती. आता तिला नोकरी आहे, स्वतःचं घर आहे, आणि चिमणी म्हणते, "आईकडे सगळ्या कपाटांना दारं आहेत, आजी." दारं! दारांवरच ठरणार असेल तर आमचं झालंच कल्याण.

१० मार्च, मंगळवार

लेकाने सहा डबे आणले. पांढरे, प्लास्टिकचे, सहाही एका आईच्या पोटचे. "पडदा बाजूला केला तरी आत नीट दिसलं पाहिजे," म्हणाला. फळीवरचं सगळं डब्यांत गेलं. फुटकं, पोचे आलेलं पोत्यात भरून पलंगाखाली. माझा लाल झाकणाचा डबासुद्धा.

प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली. मी म्हटलं, "अरे, कोणासाठी? माझ्यासाठी की कोर्टासाठी?"

"बाईंना दिसेल ना, सगळं जागच्या जागी आहे. तू क्रम पाठ कर."

मग डावीकडून बोट ठेवत मला वाचून दाखवलं. चहा, साखर, तांदूळ, औषधं, चिमटे, किरकोळ. मी त्याची चाल लावली आणि भांडी घासताना म्हणत बसले. चिमणी माझी तोंडी परीक्षा घेते. पास झाले!

"शनिवारपर्यंत औषध सकाळी मीच देत जाईन," लेक म्हणाला. बरं. कोणी काम हातातून घेतलं की बरं वाटायला हवं. वाटलं नाही.

११ मार्च, बुधवार

चिमणीने विचारलं, "बाई आल्या की मी काय सांगू?"

"खरं काय ते सांगायचं."

"मग पडदा कशाला?"

म्हटलं, "जा, दप्तर भर."

१३ मार्च, शुक्रवार

पडदा टिकलाय. लेक दोनदा येऊन ओढून बघून गेला. वकिलाचा फोन आला होता — आशा फार धरू नका म्हणाला. धरलीय कोणी? मी तर नुसती फळी पुसतेय.

१४ मार्च, शनिवार

झालं ते सांगते. कोणाला तरी सांगायला हवं.

सकाळी किटलीच्या वाफेने एका डब्याची चिठ्ठी सुटली. लेकाने सगळे डबे खाली काढले, कोरड्या फडक्याने पुसले, चिठ्ठ्या पक्क्या केल्या, परत मांडून ठेवले. मी तेव्हा चिमणीची वेणी घालत होते. त्याने कसे मांडले ते मी बघितलं नाही. त्यानेही बघितलं नसणार. वाचता येणाऱ्याला कशाला बघायला हवं? डबा कुठेही असो, नाव त्याच्या पोटावर!

बाई आली. तरुण पोर, माझ्या लेकीपेक्षा लहान. गोड बोलायची. पाणी प्यायली, चिमणीची चित्रं बघितली. स्वयंपाकघरात आली, पडदा एका बोटाने सारला. "अरे वा! किती छान लावलंय." लेकाच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. मला वाटलं, जमलं बहुतेक.

मग माझ्याकडे वळली. "आजी, दिवसभर तुम्हीच असता ना हिच्याजवळ? औषधही तुम्हीच देता?"

"मीच. दोन वर्षं."

"रोजचं कुठलं? दाखवता?"

मी मनात चाल म्हटली. चहा, साखर, तांदूळ, औषधं. चौथा डबा काढला. उघडला. तांदूळ.

"वय झालं!" म्हणत हसले. पुढचा काढला. कपड्यांचे चिमटे. त्याच्या पुढचा. साखर. लेक पुढे यायला लागला, तर बाईने हात जरासा वर केला. रागाने नाही. नुसता, थांबा असा.

"आजी, वर लिहिलंय ना," हळूच म्हणाली.

चष्मा सापडत नाही, एवढं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंच होतं. पण चिमणीच बोलली. "आजीला वाचता येत नाही. पण तिला सगळं माहीत असतं! बाबांनी झाकायच्या आधी तर सगळंच माहीत होतं."

शेवटी लेकाने औषधांचा डबा काढून माझ्या हातात दिला. आत दोन्ही बाटल्या आडव्या, एकमेकींना चिकटून. कप नाही, मिठाची बरणी नाही. एक ह्या हातात घेतली, एक त्या हातात. हलवून पाहिली. दोन्हींत सारखंच उरलेलं. दोन वर्षं दिलं होतं गं बाई ज्या हातांनी, ते हात असे परक्यासारखे लोंबत राहिले.

"ही, आजी," चिमणीने उजव्या हातातल्या बाटलीला बोट लावलं. "हिच्यावर 'रोज' असं लिहिलंय."

बाईने लिहून घेतलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा ओरडली असती तर मी चार शब्द सुनावले तरी असते!

१६ मार्च, सोमवार

लेक परवापासून बोलत नाही. रागावलेला नाही. रागावला असता तर दार आपटलं असतं. तो दारं अलगद लावतोय.

सकाळी मी पलंगाखालचं पोतं उपसलं. कान तुटलेला कप काढला, मिठाची बरणी परत फळीवर. चिमणीकडून बाटल्या एकदा नीट ओळखून घेतल्या आणि ज्याच्या त्याच्या जागी ठेवल्या. पडदा तसाच राहू दिला. काढायलाही कोणाला उत्साह नाही.

शिवणवाली जिन्यात भेटली. "टिकला का हो पडदा?"

"पडदा टिकला," म्हटलं.

२० मार्च, शुक्रवार

चिमणीने विचारलं, आईकडे जाताना माझी उशी न्यायची का. म्हटलं, ने.

२४ मार्च, मंगळवार

आज तिला शाळेत सोडून येताना वाटेत बसले. गुडघे दुखत होते म्हणून. बसायला काय, कारण लागतं. मनात आलं, त्या दिवशी फळ्या उघड्या असत्या तर काय झालं असतं? बाई म्हणाली असती, शी, केवढा पसारा. आणि मी डोळे मिटून कपातली बाटली काढून दिली असती. मग काय लिहिलं असतं तिने? पसारा लिहिला असता की बाटली?

जाऊ दे. वरातीमागून घोडं.

चिमणीला नवीन मोजे घेतले. आईकडे फाटके घालून गेलेली चालायची नाही.

२७ मार्च, शुक्रवार

वकिलाचा फोन! लेक कामावरून लवकर आला. मी म्हटलं, "बोल रे, घशात अडकलंय ते बाहेर काढ एकदाचं."

बाईने वाईट लिहिलं नाही म्हणे. लिहिलंय, मुलीला इथे लळा आहे, शाळा जवळ आहे, बाप निर्व्यसनी आहे. मुलगी इथे राहू शकते. फक्त एक अट — दिवसभर घरात वाचता येणारं मोठं माणूस हवं. औषधासाठी.

मी उभ्या जागी टाळी वाजवली! "एवढंच ना? अरे, माझ्या धाकट्या दिराची मुलगी आहे की! शाळेत नोकरीला होती, आता घरी एकटीच असते. तुझी सख्खी चुलत बहीण. तिला राहायला घर हवं, आपल्याला वाचणारी. लाव फोन!"

त्याने लावला. ती एका पायावर तयार झाली. लेक फोन ठेवून खोलीभर नजर फिरवत बसला. मी म्हटलं, "काय शोधतोयस?"

"काही नाही," म्हणाला.

२९ मार्च, रविवार

चिमणी राहणार. वकील म्हणाला, आता पक्कंच समजा. चुलत बहीण उद्या सकाळी येतेय.

घरात पलंग दोन. एक लेकाचा, एक माझा नि चिमणीचा. तिसरा मावत नाही, मी पावलांनी मोजून पाहिलं. लेकाच्या तोंडून ते निघणार नव्हतं, म्हणून मीच म्हटलं — जाते मी ताईकडे, लेकीच्या घरी. म्हातारीलाही हवापालट हवा.

"नको गं आई," म्हणाला.

एकदाच म्हणाला.