मेंगाईच्या वाटेवरचा गूळ

आई,

काल तोरण्यावर मेंगाईला जाऊन आलो. पायांत गोळे आलेत, उंबरा ओलांडताना चौकट धरावी लागते, तरी मन निवांत आहे. पावसाळाभर हिवतापानं अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हा तुझी सून देवीला नवस बोलली होती. तू गेल्यानंतर ती या घरात आली. तुमची भेट नाही.

नवरात्रात तू मला घेऊन चढायचीस ती कडकडीत उपाशी; ओटी भरल्याशिवाय पाणीही नाही. वेल्ह्यातून निघालं की तुझ्या गप्पा सुरू. पुढं धावणाऱ्यांना म्हणायचीस, "पळा बाबांनो, देवी तेवढ्यात उठून जायाची." आणि मला, "बोलता येतंय तवर चाल. बोलणं तुटलं की बस." कालही मी पहाटेपासून पोटात काही घातलं नाही. पहिल्या चढावर भूक भडकली, डोंगराच्या सोंडेवर येईतो विझून गेली, आणि अंग इतकं हलकं झालं की त्यालाच मी ताकद समजलो. पाय उचलला. मागून तुझी सून काही विचारत होती. मी नुसते हुंकार देत होतो. शेवटच्या कातळाखाली कपाळावर गार घाम आला, गडाचा दरवाजा पांढराफटक दिसू लागला. मी बसलो.

तिनं पदराची गाठ सोडून गुळाचा खडा पुढं केला. मी मान हलवली. खाल्ला तर तिचा नवस मोडतो. न खाल्ला तर ती एकटी मला खाली नेणार कशी?

"नवस म्या बोललाय," ती म्हणाली. "पायी वर आणीन म्हणले. उपाशी आणीन म्हणले न्हाई."

मग सकाळीच का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं.

"सकाळपास्नं आईचं आसं न् आईचं तसं चाललंय तुमचं. मधी बोलायला जागा कुठं हुती?"

गूळ खाल्ला, पाणी प्यालो. हळूहळू दगडांना दगडाचा रंग आला. उरलेला चढ आम्ही तिच्या चालीनं चढलो, थांबत, तिच्या माहेरची, पासलीची भातखाचरं वरून ओळखत. ओटी तिनं भरली.

हा कागद टाकायचा कुठं? घडी करून ठेवतो. तिनं नवसात उपासाचं नाव खरंच घेतलं नव्हतं का, हे अजून मनात येतं. तुला ठाऊक आहे, खात्री केल्याशिवाय मला झोप लागत नाही. काल मात्र न विचारताच झोपलो, आणि छान झोप लागली.