डावीकडे वळणारं गाढव

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत. तिकडेही असावेत, कारण नसते तर तुझा फोन आला असता आणि त्यात माझीच काहीतरी चूक निघाली असती. तुझा गुडघा आता काय म्हणतो? भावोजींनी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केल्याचं भाच्याकडून कळलं. (ते आधी चालत होतं, हेही कळलं.) माझी तब्येत उत्तम आहे, पण मन थाऱ्यावर नाही. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि हा विषय असा आहे की मध्ये कोणी बोललं तर मी रडकुंडीला येईन.

विषय गाढवाचा आहे. हसू नकोस. आपलं गाढव. पत्र्याचं, निळ्या खोगिराचं, मागे पिवळी गाडी ओढणारं, पोटाला चावी असलेलं. लग्न झाल्यावर ‘तू फोडून टाकशील’ असं मला सांगून तू ते ट्रंकेत कपड्यांच्या मध्ये घातलंस आणि घेऊन गेलीस. (सासरी जाताना सोबत गाढव नेणारी दुसरी नवरी मी पाहिलेली नाही. हे वाक्य मी भावोजींसमोर आजवर बोललेलो नाही, याची नोंद घ्यावी.)

तर ते गाढव बनवणारी कंपनी अजून जिवंत आहे. मधली बरीच वर्षं तिने बादल्या आणि साबणदाण्या काढल्या. आता तिला असा शोध लागला आहे की खेळणी लहान मुलं घेतच नाहीत, पन्नाशीची माणसं घेतात. म्हणून गाढव पुन्हा बाजारात आणायचं ठरलं, आणि ‘जुन्या मालकांनी संपर्क साधावा’ अशी जाहिरात आली. मी त्यांना लगेच कळवलं की माझा या प्रकाराला ठाम विरोध आहे. आयुष्यभर चष्म्याचं दुकान चालवल्यामुळे मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. जुनी फ्रेम पुन्हा फॅशनमध्ये आली म्हणून ती घालणाऱ्याला जुनी नजर परत मिळत नाही. गाढवाचंही तसंच. माणसाचं लहानपण संपलं की संपलं. ते खोक्यात भरून दुकानात मांडू नये, असं मी चांगलं दोन पानी लिहिलं. त्यावर त्यांनी मला सल्लागार समितीवर यायची विनंती केली. मग माझं मत जरा परिपक्व झालं.

समितीत सुरुवातीला बरेच जण होते, पण गाढव फुकट मिळणार नाही हे कळल्यावर मी आणि एक दातांचे डॉक्टर एवढेच उरलो. डॉक्टरांचं गाढव अजून मूळ खोक्यात आहे. ‘परीक्षा झाल्याशिवाय उघडायचं नाही’ असं लहानपणी त्यांना बजावलं होतं. त्यानंतर एकामागून एक परीक्षा येत गेल्या आणि डॉक्टर झाल्यावर त्यांना कळलं की न उघडलेल्या खोक्याला जास्त मान असतो. म्हणजे ज्या गाढवाचे ते सगळ्यात मोठे जाणकार आहेत, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलंच नाही. खोक्यावरचं चित्र पाहिलंय. त्या खोक्याच्या डिंकावर मात्र ते तासभर बोलू शकतात, आणि बोलतात.

बैठका कारखान्याच्या माडीवर, नमुन्यांच्या खोलीत होतात. एका बाजूला साबणदाण्यांची कपाटं, मध्ये लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, कागदी पेल्यात चहा. नवीन गाढव बनवण्याचं काम एका इंजिनिअर बाईंकडे आहे. माझ्या भाचीच्या वयाची मुलगी, कायम कानावर पेन्सिल. पहिल्या बैठकीत तिने नमुना आणला, चावी भरली आणि सोडला. गाढव टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळंब्यासारखं सरळ गेलं आणि कडेला येऊन शहाण्यासारखं थांबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

तुला माहीत आहे, दिवसभर मी माणसांना ‘हे स्पष्ट दिसतं की ते?’ एवढंच विचारत असतो. मी डोळे मिटले, आपलं गाढव आठवलं, डोळे उघडले, समोरचं पाहिलं. अजिबात जुळेना. आपलं कसं जायचं? आधी थोडं सरळ, अगदी सद्गुणी चेहऱ्याने. मग काहीतरी विसरल्याची आठवण झाल्यासारखं डावीकडे वळायचं, आणि गाडीसकट थेट पलंगावरून खाली उडी. आणि डाव्या बाजूला जमिनीवर आपण दोघं पालथे पडून, हात पसरून, झेलायला. (तू नेहमी माझ्या हातांच्या पुढे हात घालायचीस. तो विषय मी आत्ता काढत नाही.) हे सगळं मी समितीला साभिनय सांगितलं, फक्त जमिनीवर पालथं पडायचं तेवढं वगळलं.

बाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “काका, त्याच्यावर कधी कोणी बसलं होतं का?”

मला राग आला. मी म्हटलं, आमच्या घरात खेळण्यांवर बसायची पद्धत नव्हती.

“गाढवावर बसतातच की,” डॉक्टर म्हणाले आणि एकटेच हसले.

बाई म्हणाल्या, गाढवाच्या जुन्या नकाशात चारही चाकं सारखी आहेत, वळायला कारणच नाही. मी म्हटलं, नकाशा नकाशाच्या जागी, गाढव गाढवाच्या जागी. गाढवाला वळायला कारण लागत नाही. इथे कंपनीचे साहेब खुर्चीतून उठले. या गृहस्थांना कुठलीही गोष्ट खोक्यावर छापलेल्या स्वरूपातच समजते. “स्वभाव!” ते ओरडले. “आपल्या गाढवाला स्वभाव आहे!” आणि हुकूम सुटला, की गाढव डावीकडे वळलं पाहिजे.

त्या पोरीचे पुढे जे हाल झाले ते बघवत नव्हते. जीव ओतून सरळ केलेलं गाढव आता जीव ओतून बिघडवायचं. आणि बिघडवणं फार अवघड असतं, ताई. (भावोजींना ते उपजत जमतं म्हणून आपल्याला कळत नाही.) एक नमुना उजवीकडे गेला. एक जागच्या जागी गिरक्या घेत राहिला. एक तर डॉक्टरांच्या बाहीत शिरला आणि कोपरापर्यंत गेला. शेवटी एकदा ती आली, चावी भरली, आणि गाढव चार पावलं सरळ जाऊन हुबेहूब आपल्यासारखं डावीकडे वळून टेबलावरून पडलं. ती म्हणाली, “काका, पुढच्या चाकांमधली सळई किंचित वाकवली. सात-आठ वर्षांच्या मुलाचं वजन पडलं तर वाकेल ना, बरोब्बर तेवढी.” मी तिच्या हुशारीचं कौतुक केलं आणि दुसरा चहा मागवला.

मध्यंतरी खोकंही तयार झालं. त्यावर ठळक अक्षरांत छापलंय, ‘लहान मुलांपासून दूर ठेवा.’ मी साहेबांना विचारलं, मग खेळायचं कोणी? ते म्हणाले, खेळायचं कशाला? हे संग्राहकांसाठी आहे. दर्दी माणूस दोन घेतो. एक न उघडता ठेवायला, आणि दुसरं, पहिलं चुकून उघडलं गेलं तर. डॉक्टरांनी मान डोलावली आणि तीन घेणार असल्याचं सांगितलं. माझा जुना विरोध पुन्हा उफाळून येणार होता, पण खोक्याच्या आतल्या झाकणावर ‘जुन्या मालकांच्या साक्षीने’ असं लिहून खाली माझं नाव आहे. ठळक आहे. दोन फूट अंतरावरून बिनचष्म्याचं वाचता येतं.

आणि मग गेल्या बैठकीत घात झाला. डॉक्टर आपलं खोकं घेऊन आले. म्हणाले, डावीकडे वळणारं गाढव ही इतिहासाची विटंबना आहे आणि ती थांबवण्यासाठी आपण त्याग करणार आहोत. हातमोजे घातले. रोज माणसांच्या दाढा उपटणारा माणूस, पण झाकण उघडायच्या आधी त्यांनी खोक्याला नमस्कार केला. आतून गाढव निघालं, आपल्याच खोगिराचं, पण रंग इतका ताजा की मला ते ओळखीचंच वाटेना. चावी भरली. सोडलं.

सरळ गेलं, ताई. सुतासारखं.

मी म्हटलं, एकदा चालवून काय कळतं? त्यांनी पुन्हा चालवलं. सरळ. मग त्यांनी हातमोजे काढले. मग ते टेबल सोडून फरशीवर गेले. साहेब पुढचं बोलायला लागले तरी हा मनुष्य गुडघ्यांवर रांगत साबणदाण्यांच्या कपाटापर्यंत गाढवाच्या मागे जातोय, पुन्हा येतोय. खोक्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. त्यावर मी चुकून पेला ठेवला तरी ते काही बोलले नाहीत.

साहेबांनी निकाल दिला. सरळ आणि वाकवलेल्या, दोन्ही तऱ्हेच्या सळया तयार आहेत. येत्या शनिवारी सगळ्यांना बोलावून समारंभ आहे. तिथे मी माझं मूळ गाढव आणावं आणि चालवून दाखवावं. वळलं तर वळणारं काढू. नाही वळलं तर सरळ काढू, आणि झाकणावर डॉक्टरांचं एकट्याचं नाव. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, चुकीच्या नंबरचा चष्मा लागलेलं गिऱ्हाईक बघतं तशा. घरी येताना वाटलं, गाढवही गेलं आणि पुढचं तुला माहीत आहे.

असो. मन मोकळं करायचं होतं, केलं. माझं काही मागणं नाही. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघा जपावा, जिने चढू नयेत.

तुझा,
धाकटा

ता. क. गाढव पाठव. भाच्याबरोबर, शुक्रवारपर्यंत, काहीही करून. (अडला हरी म्हण, काय म्हणायचं ते म्हण, पण पाठव.) आणि भावोजींच्या नजरेला पडू देऊ नकोस. त्यांनी ते सुधारलं तर मी संपलो.

ता. क. दुसरा. वर दोन ओळी लिहिण्यासाठी पत्र तुझ्या भावजयीकडे दिलं होतं. तिने ओळी लिहिल्या नाहीत. वाचता वाचता बाईंच्या प्रश्नाशी आली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, “अहो, ताईच बसल्या होत्या की त्याच्यावर.” म्हणे, गाढव घरात आलं त्याच दिवशी, मला दाखवायच्या आधी, पलंगावर, चादरीखाली होतं, आणि तू धपकन बसलीस. म्हणे, मी रडेन म्हणून तू बोलली नाहीस, आणि कधी दुसऱ्या कुणाचं सरळ चालणारं गाढव शेजारी ठेवून पाहिलं तर मला कळेल म्हणून आपलं सासरी नेलंस. हे तू तिला आमच्या लग्नाच्या वर्षी सांगितलंस आणि तिने आजवर पोटात ठेवलं! माझ्या घरात एवढी गुप्तता पाळली जाते याची मला कल्पना नव्हती. मी बराच वेळ दुकानातल्या आरशासमोर बसून होतो. म्हणजे मी सरळ गाढव कधी पाहिलंच नाही. मी पाहिलं ते तू बसलेलं.

ता. क. तिसरा. आत्ताच बाईंना फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं रागावेल. इतकी हसली की तिच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. सरळ गाढव निघणार, ती खूश आहे. झाकणावर डॉक्टरांचं एकट्याचं नाव येणार, येऊ दे. ती म्हणाली, “काका, तुमच्यासाठी एक डावीकडे वळणारं मी वेगळं करून ठेवते.” मी नको म्हटलं. मी एक सरळच मागितलंय. त्याचं जे करायचं ते तुलाच करावं लागेल, आणि ते पार्सलने होण्यासारखं नाही. तेव्हा गाढव एकटं पाठवू नकोस, शनिवारी स्वतः ये. मी चुकलो हे मी समारंभात सांगणार नाही. तू बसलीस हे तू सांग. मग घरी ये. पलंग आहे, चादर घालून ठेवतो. फक्त जरा बेताने बस, तेव्हाच्या वजनाने.

ता. क. शेवटचा. येताना जुनं गाढव मांडीवर घेऊन बस. गाडीत शेजारच्या सीटवर ठेवू नकोस. मध्ये कुठे उतरून परत चढलीस, तर तुझा भरवसा नाही.