मधला हिरवा

अप्पा, आज दुपारी तुमची फार आठवण आली, आणि ती फोटो रंगवायच्या तुमच्या त्या कापसाच्या बोळ्यांमुळे. नोकरी सुटल्यापासून मला एक खूळ लागलंय. अंतराळातल्या दुर्बिणीने घेतलेले फोटो कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. येतात मात्र काळेपांढरे, आणि पहिल्यांदा उघडावेत तर नुसता काळोख. त्यातला अंधुक उजेड हळूहळू वर काढावा लागतो. आपल्या वसईच्या स्टुडिओत, डार्करूममधल्या कागदावर आधी केस उमटायचे, मग डोळे, तसंच काहीसं. मग रंग. दुर्बीण एकाच जागेचे वेगवेगळ्या फिल्टरच्या काचांमधून फोटो घेते. त्यातल्या एकाला लाल द्यायचा, एकाला हिरवा, एकाला निळा, आणि एकावर एक ठेवायचे. गंमत अशी की यातला कितीतरी प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. मग खरा रंग कुठला? तुम्ही असतात तर यावर आपण दोन दिवस वाद घातला असता. नियम एवढाच, की क्रम मोडायचा नाही. प्रकाशाच्या सगळ्यांत लांब लहरीला लाल, सगळ्यांत आखूड लहरीला निळा.

मी नववीत असताना कळंबची एक बाई आपल्या वारलेल्या आईचा फोटो रंगवायला देऊन गेली होती. तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारून फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहायचात, लुगडं हिरवं, काठ पिवळा, डोळे घारे. मी मागे न बघताच लाल भरला, कारण लाल उठून दिसतो. फोटो फक्कड झाला होता, अजूनही म्हणते. बाईने तो हातात घेतला, बराच वेळ बघितला. "लाल कोनी सांगितलं तुला? ही माझी आय नाय गो." तिच्यासमोर तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. ती गेल्यावर म्हणालात, "अक्कल पाजळायची असेल तर कोऱ्या कागदावर पाजळ. हा फोटो तिचा आहे." आणि नवी प्रिंट काढून माझ्याकडूनच हिरवा भरून घेतलात. मी आठवडाभर तुमच्याशी धड बोलले नव्हते.

आता माझी अडचण ऐका. नवे तारे जन्मतात असा एक ढग मी महिनाभर रंगवतेय. पण त्याचे दोनच फोटो मिळाले, लांब लहरीचा आणि आखूड लहरीचा. मधला कोणी घेतलेलाच नाही. अशा वेळी दोन्ही अर्धे अर्धे मिसळून मधला हिरवा बनवतात. सगळेच करतात, त्यात लबाडी नाही. पण तो मोजलेला नव्हे. चित्र असं काही खुललंय की शेजारच्या शाळेतल्या बाई ते मोठं करून भिंतीवर लावणार आहेत. खाली तशी ओळ लिहू का विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, कशाला? हिरवा बनवलेला आहे म्हटलं की पोरांना सगळंच खोटं वाटेल." पटण्यासारखं आहे. आणि मला मोह होतोय, कशाला नाकारू. आयुष्यात पहिल्यांदाच माझं काहीतरी भिंतीवर लागणार आहे.

म्हणून भिंतीवरचा आईचा फोटो खाली काढला. ती गेली तेव्हा मी दोन वर्षांची. मला ती या फोटोतलीच माहीत, तुम्ही रंगवलेल्या निळ्या साडीतली. आईला निळा आवडायचा, असं मी शाळेत, सासरी, सगळीकडे सांगत आले. मागचा पुठ्ठा काढला. तुमचं पेन्सिलीतलं अक्षर अजून वाचता येतं. 'साडीचा रंग आठवत नाही. निळा धरला.' गावभरच्या बायकांच्या लुगड्यांचे रंग विचारून लिहिणारा माणूस घरच्या साडीपाशी अडला, आणि तेही लिहून ठेवलंत. कोणी वाचावं म्हणून लिहिलंत, की वाचणार नाही म्हणून?

चित्राखाली मी ओळ टाकली. 'मधला फोटो नाही. हिरवा धरला आहे.' बाईंना आवडणार नाही, पण पोरं विचारतील आणि मी सांगेन.

हे पत्र त्याच पुठ्ठ्यामागे सरकवतेय. एक मात्र कबूल करायचं राहिलं. तुमच्या त्या दोन ओळी मी आज पहिल्यांदा वाचल्या नाहीत. अकरावीत असताना फ्रेमची काच फुटली, तेव्हाच वाचल्या होत्या. तुम्हाला विचारलं नाही, आणि आईला निळा आवडायचा हे सांगणंही थांबवलं नाही. उद्या शाळेत मी निळीच साडी नेसून जाणार आहे.